तीन गोळ्यांची पट्टी आणि परळचा ताप

पावसात हिंदमाता तुंबले की पुढच्या आठ-दहा दिवसांत लालबाग-परळचे दवाखाने तापाच्या रुग्णांनी भरू लागतात. गणपती बसले की त्यात घशांची भर पडते. दर्शनाच्या रांगेत रात्रभर उभे राहिलेले, ढोलपथकात वाजवून आलेले, मंडपात जागलेले, सगळ्यांची तक्रार सारखीच असते: घसा धरलाय, अंगात कणकण आहे आणि सोमवारी कामावर तर जायचेच आहे. यातले बरेच जण डॉक्टरची पायरी चढतच नाहीत. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे जाऊन ते 'ॲझी पाचशे' मागतात. पूर्ण नाव उच्चारण्याची गरज पडत नाही. तीन गोळ्यांची पट्टी, रोज एक, शंभराच्या आत काम.

हे फक्त गिरणगावापुरते नाही. देशातल्या खासगी औषधविक्रीच्या २०१९ सालच्या आकडेवारीचा अभ्यास 'लॅन्सेट'च्या आग्नेय आशियासाठीच्या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात सर्वाधिक खपणारे प्रतिजैविक कोणते, तर ॲझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी. त्या वर्षी खपलेल्या एकूण प्रतिजैविकांत एकट्या ॲझिथ्रोमायसिनचा वाटा १२.६ टक्के होता. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांचे तीन गट केले आहेत. पहिल्या गटातली औषधे निर्धास्त वापरावीत, दुसऱ्यातली जपून, तिसऱ्यातली अगदी नाइलाजाने. ॲझिथ्रोमायसिन दुसऱ्या, म्हणजे जपून वापरण्याच्या गटात आहे. आपल्याकडे ते खोकल्याच्या बाटलीसारखे विकले जाते.

औषध उत्तम आहे. म्हणूनच ही उधळपट्टी खटकते.

ते ज्या कुळातले आहे त्या मॅक्रोलाइड कुळाची सुरुवात मातीत झाली. फिलिपाइन्समधल्या इलोइलो प्रांतातला अबेलार्दो अगिलार हा डॉक्टर 'इलाय लिली' या अमेरिकी कंपनीसाठी काम करत होता. १९४९ मध्ये त्याने आपल्या भागातल्या मातीचा नमुना कंपनीकडे पाठवला. त्या मातीतल्या एका जीवाणूने स्रवलेल्या रसायनातून एरिथ्रोमायसिन मिळाले आणि १९५२ मध्ये ते 'इलोटायसिन' या नावाने बाजारात आले. इलोइलोचे नाव औषधात गेले. अगिलारने या शोधाबद्दल पुढे रॉयल्टी मागितली, ती त्याच्या पदरात पडली नाही. मातीचे सोने करणाऱ्यांच्या इतिहासात हा प्रकार नवा नाही.

एरिथ्रोमायसिनची एक अडचण होती. जठरातल्या आम्लात ते नासते आणि पोटात मुरडा आणते. क्रोएशियातल्या झाग्रेबमधल्या 'प्लिवा' कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये त्याच्या १४ अणूंच्या कड्यात एक नायट्रोजन बसवून ते कडे १५ अणूंचे केले. हेच ॲझिथ्रोमायसिन. ते आम्लात टिकते, पेशींच्या आत भरपूर साठते आणि शरीरातून अतिशय सावकाश बाहेर पडते. त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला जवळपास ६८ तास लागतात. तीन दिवसांत कोर्स संपतो याचे कारण हेच. गोळ्या संपतात, औषध नाही. त्याची शेपटी पुढे कित्येक दिवस शरीरात रेंगाळत राहते.

आता ते नेमके करते काय? गिरणगावातल्या वाचकाला हे समजायला सोपे जावे. जीवाणूच्या पेशीत रायबोसोम नावाचे हजारो साचे असतात. जनुकांकडून आलेला आरएनएचा संदेश म्हणजे नक्षीची पट्टी. साचा ती पट्टी वाचत जातो आणि एकेक अमिनो आम्ल जोडत प्रथिनाचा धागा विणतो. हा धागा साच्याच्या मोठ्या भागातल्या एका अरुंद बोगद्यातून बाहेर पडतो. बोगद्याची लांबी मिलिमीटरचा लाखावा भाग, त्यात एका वेळी धाग्याचे तीस-चाळीस मणी मावतात. मॅक्रोलाइडचा रेणू या बोगद्याच्या तोंडापाशी, भिंतीला चिकटून बसतो. ज्या जागी तो बसतो तिथे रायबोसोमच्या आरएनएतले २०५८ क्रमांकाचे अक्षर महत्त्वाचे आहे. जीवाणूंत ते 'ए', म्हणजे ॲडेनिन असते. माणसाच्या पेशीतल्या रायबोसोममध्ये त्याच जागी 'जी', म्हणजे ग्वानिन. एका अक्षराच्या या फरकामुळे औषध जीवाणूचा साचा अडवते आणि आपला चालू ठेवते.

ही जागा कोणी पाहिली? रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ यांना विभागून मिळाले. रामकृष्णन यांचे पदवीपर्यंतचे शिक्षण बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातले. योनाथ यांच्या गटाने एरिथ्रोमायसिन रायबोसोमला कुठे चिकटते याचे चित्र २००१ मध्ये प्रसिद्ध केले. तोवर पाठ्यपुस्तकात 'बोगद्याला बूच बसते' एवढेच सांगितले जात होते. पुढच्या संशोधनाने ती समजूत बदलली. बूच पक्के नाही. औषध बसलेले असतानाही काही धागे त्याच्या बाजूने सटकून बाहेर येतात. काही मात्र, मण्यांचा विशिष्ट क्रम आला की जागच्या जागी अडकतात. म्हणजे हे औषध सरसकट गिरणी बंद करत नाही, निवडक माल अडवते.

हा तपशील प्रयोगशाळेतल्या लोकांच्या हौसेचा वाटेल. तसा तो नाही. परळच्याच काय, कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात तो रोज काचेच्या बशीत दिसतो. मधुमेही रुग्णाच्या पायातला पू किंवा लहान मुलाच्या हाडातला संसर्ग तपासायला येतो. बऱ्याचदा त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस सापडतो. बशीत जीवाणू पसरून त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती जीवाणू वाढत नाहीत, ते औषध लागू. पण तंत्रज्ञ इथे एक काळजी घेतात. क्लिंडामायसिनच्या चकतीशेजारी, दीड-दोन सेंटिमीटरवर, मुद्दाम एरिथ्रोमायसिनची चकती ठेवतात. दुसऱ्या दिवशी क्लिंडामायसिनभोवतीचे मोकळे वर्तुळ पूर्ण गोल असेल तर ठीक. एरिथ्रोमायसिनच्या बाजूने ते चपटे होऊन इंग्रजी 'डी' अक्षरासारखे दिसले, तर ते औषध त्या रुग्णाला देऊ नये असा अहवाल जातो. या चाचणीचे नावच डी-टेस्ट.

हा चपटेपणा येतो कुठून? त्या जीवाणूकडे प्रतिकाराचे जनुक असते, पण ते झोपलेले. त्याच्या संदेशाच्या सुरुवातीला एक छोटासा, दिसायला निरुपयोगी धागा विणायची सूचना असते. एरिथ्रोमायसिन जवळ असेल तर रायबोसोम नेमका हा धागा विणताना अडकतो. तो अडकला की संदेशाची घडी बदलते आणि आतापर्यंत घडीत दडलेली पुढची सूचना उघडी पडते. त्यातून तयार होणारे विकर त्या २०५८ क्रमांकाच्या अक्षरावर रसायनाची एक गाठ मारते. मग मॅक्रोलाइडला बसायला जागा उरत नाही. त्याच्या शेजारी बसणाऱ्या क्लिंडामायसिनलाही नाही. म्हणजे जीवाणू औषधाच्याच वाराचा उपयोग करून स्वतःला जागा करतो. क्लिंडामायसिन एकटे असताना ही घंटा वाजत नाही, म्हणून एकट्या चकतीवर विसंबले तर औषध लागू आहे असे वाटते आणि रुग्णात पुढे ते फसू शकते. एका स्वस्त चकतीने एखाद्याचा पाय वाचतो.

मॅक्रोलाइड हे नाव रेणूच्या मोठ्या कड्यावरून पडले, कामावरून नाही. त्यामुळे या घराण्यात अशी भावंडे निघाली की त्यांचा आणि जीवाणूंचा संबंधच नाही. ईस्टर बेटावरच्या मातीतून मिळालेले रॅपामायसिन घ्या. त्या बेटाच्या स्थानिक नावावरून, 'रापा नुई'वरून, त्याचे नाव पडले. बुरशीविरोधी औषध म्हणून त्याचा शोध सुरू झाला. पेशीला 'वाढ' किंवा 'थांब' असा हुकूम देणारे प्रथिन कोणते, हे १९९१ मध्ये यीस्टवर रॅपामायसिन टाकूनच सापडले. त्या प्रथिनाच्या नावातच आज 'रॅपामायसिनचे लक्ष्य' असे म्हटले जाते. टॅक्रोलिमस हे मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना आयुष्यभर घ्यावे लागणारे औषधही याच घराण्यातले. बॅफिलोमायसिन रुग्णाला कधीच देत नाहीत, पण पेशी आपला कचरा कसा पचवतात हे पाहणाऱ्या प्रयोगशाळांत त्याच्यावाचून चालत नाही. पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांत आम्ल भरणारा पंप ते बंद करते. पंप बंद झाला की कचरा साचतो, आणि किती साचला यावरून पेशी किती साफसफाई करत होती हे मोजता येते.

आणि एक भावंड आपल्या घरचे आहे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, प्रामुख्याने पेनिसिलिनसाठी. तिथल्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला पिंपरीच्याच मातीतल्या एका जीवाणूपासून बुरशीविरोधी औषध काढले. जीवाणूचे नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, औषधाचे हॅमायसिन, कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. हॅमायसिन हे ॲम्फोटेरिसिनच्या जातीचे मॅक्रोलाइड, बुरशीच्या पेशीच्या आवरणाला भोके पाडणारे. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसची साथ आली तेव्हा महाराष्ट्रातले नातेवाईक ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी वणवण फिरत होते. आपल्या मातीतून या जातीचे औषध काढणारी माणसे आपल्याकडे साठ वर्षांपूर्वी होती, हे त्या धावपळीत फार कमी जणांना आठवले असेल.

परत तापाकडे येऊ. मॅक्रोलाइडच्या उधळपट्टीचा खरा फटका मुंबईत टायफॉइडला बसतो. टायफॉइडच्या जीवाणूने एकेक औषध निकामी केले. पूर्वीचे क्लोरॅम्फेनिकॉल एका टप्प्यावर चालेनासे झाले. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले, तेही भारतात बहुतांश ठिकाणी गेले. राहिले सेफ्ट्रियाक्झोन आणि सेफिक्झिम. २०१६ च्या अखेरीस पाकिस्तानच्या सिंधमधल्या हैदराबादेत या औषधांनाही न जुमानणाऱ्या टायफॉइडची साथ सुरू झाली. तोंडाने देता येणारे एकच विश्वासाचे औषध तिथे उरले, ते ॲझिथ्रोमायसिन. त्या साथीचा संबंध मुंबईशी नाही, असे म्हणून सोडून देण्यासारखी स्थिती नाही. सेफ्ट्रियाक्झोनला दाद न देणारा टायफॉइडचा जीवाणू मुंबईत टिकून फिरत असल्याचे जनुकीय तपासणीतून दिसले आणि ते २०२२ मध्ये प्रसिद्धही झाले. तो सिंधमधून आलेला नाही. त्याने स्वतंत्रपणे दुसरे एक प्लाझ्मिड मिळवले आहे. क्लोरॅम्फेनिकॉलसारखी जुनी औषधे आता काही ठिकाणी पुन्हा लागू पडताना दिसतात. पण कल्चर हातात असल्याशिवाय त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

ॲझिथ्रोमायसिनचा किल्लाही अभेद्य नाही. जीवाणूकडे नको असलेली रसायने बाहेर फेकणारा एक पंप असतो. त्याच्या ७१७ क्रमांकाच्या एका अमिनो आम्लात बदल झाला की तो पंप ॲझिथ्रोमायसिन जोराने बाहेर टाकू लागतो. असा टायफॉइड बांगलादेशात सापडल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले, नंतर उत्तर भारतातही तो दिसला. यासाठी बाहेरून कुठले जनुक मिळवावे लागत नाही. एक अक्षर बदलले की पुरे. असा एखादा जीवाणू गर्दीत असला तर त्याला पुढे आणण्याचे काम आपणच करतो, औषधाची लांब शेपटी शरीरात सोडून. बेल्जियममध्ये निरोगी स्वयंसेवकांना ॲझिथ्रोमायसिनचा एकच कोर्स देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या घशातल्या जीवाणूंत प्रतिकार सहा महिन्यांनंतरही टिकून होता.

तीन गोळ्यांच्या पट्टीचा दुसरा तोटा त्याहून तातडीचा आहे. टायफॉइडला सात दिवस, वजनाप्रमाणे मोठा डोस लागतो. घशासाठी म्हणून घेतलेल्या तीन गोळ्यांनी टायफॉइड बरा होत नाही, दबतो. ताप थोडा खाली येतो, पाच-सहा दिवसांनी पुन्हा चढतो. मग रुग्ण दवाखान्यात येतो आणि त्याचे रक्त कल्चरला जाते. औषध घेतलेले नसतानाही ब्लड कल्चरमध्ये टायफॉइड साधारण दहापैकी सहा रुग्णांत सापडतो. आधी गोळ्या पोटात गेल्या असतील तर तेवढाही नाही. मग उरते विडाल चाचणी, जिच्यावर विसंबून आपल्याकडे कितीतरी जणांना न झालेला टायफॉइड झाला आणि झालेला निसटला. कोणता जीवाणू, त्याला कोणते औषध लागू, हे न कळता उपचार अंदाजाने चालतात. गिरगावातल्या चाळीत एका बिऱ्हाडात असा रुग्ण असेल आणि मोरी-संडास सामाईक असतील, तर पुढचा रुग्ण कुठे सापडेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

घशाच्या दुखण्याचे बहुतांश कारण विषाणू असतात आणि रायबोसोम विषाणूकडे नसतोच. अडवायचे काय? पण विषाणूचा ताप तीन दिवसांत आपणहून उतरतो, पट्टीही तीन दिवसांत संपते, आणि श्रेय पट्टीला जाते. पुढच्या वेळी तो माणूस शेजाऱ्यालाही तीच सुचवतो. घशात स्ट्रेप्टोकॉकस असलाच तर त्यावर पेनिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन आजही अचूक चालते. मॅक्रोलाइडची गरज ज्याला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे त्याला. कोविडने ही सवय आणखी पक्की केली. जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत भारतात ॲझिथ्रोमायसिनचे नेहमीपेक्षा सुमारे ३ कोटी ८० लाख डोस जास्त खपल्याचा अंदाज आहे. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांनी कोविडमध्ये त्याचा उपयोग नाही हे २०२१ मध्ये दाखवून दिले. तोवर पट्टी घराघरांत पोचली होती.

सगळा दोष रुग्णाच्या माथी मारणे बरोबर नाही. रोजंदारीवरच्या माणसाला दोन दिवस वाट पाहा म्हणणे सोपे, त्याचे दोन दिवस भरून कोण देणार? खासगी लॅबमध्ये ब्लड कल्चरचा खर्च पट्टीच्या कितीतरी पट असतो. गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरलाही ठाऊक असते की आपण लिहून दिले नाही तर रुग्ण समोरच्याकडे जाईल. म्हणून व्यवस्थेने काय करावे हा प्रश्न आधी विचारायला हवा, आणि त्याची उत्तरे फार अवघड नाहीत.

औषधांच्या एच-१ यादीचा नियम २०१४ मध्ये लागू झाला. त्या यादीतले औषध विकताना केमिस्टला डॉक्टरचे, रुग्णाचे नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वहीत नोंदवावे लागते आणि ती वही तीन वर्षे ठेवावी लागते. त्या मूळ यादीत सेफिक्झिम होते, ॲझिथ्रोमायसिन नव्हते. देशात सर्वांत जास्त खपणारे, जपून वापरायचे औषध नोंदीशिवाय विकले जावे याचे समर्थन करता येत नाही. २०१६ पासून पट्टीवर लाल रेघ छापण्याची मोहीम आहे. ती रेघ ग्राहकाला दिसते, तिचा अर्थ त्याला कोणी सांगत नाही.

दुसरे, पालिकेचे दवाखाने आणि 'आपला दवाखाना' यांनी ताप तीन दिवसांवर गेलेल्या रुग्णाचे रक्त तिथेच कल्चरसाठी घेऊन मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पाठवावे, आणि आलेले निकाल एकत्र करून दर महिन्याला वॉर्डातल्या डॉक्टरांना कळवावेत. परळ-लालबागच्या डॉक्टरला आपल्या वॉर्डातला टायफॉइड आज कशाला दाद देतो हे माहीत असेल, तर तो अंदाजाने लिहिणार नाही. तिसरे, लस. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये टायफॉइडच्या नव्या संयुग्म लशीची सार्वजनिक मोहीम हाती घेतली आणि नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती दिली. खाडीपलीकडे हे घडले. जुन्या मुंबईच्या वॉर्डांत, जिथे पिण्याच्या पाण्याची जुनी लाइन गटाराला लागून जाते आणि पुनर्विकासाच्या खोदकामात ती दर वर्षी कुठेतरी फुटते, तिथे तर ते अधिक तातडीने व्हायला हवे.

ॲझिथ्रोमायसिनचा योग्य वापर कसा दिसतो, याचा नमुना पालिकेकडेच आहे. दर पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची सूचना निघते. तुंबलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, प्रौढांना डॉक्सिसायक्लिन, तर गर्भवती स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुले यांना ॲझिथ्रोमायसिन. कोणाला, केव्हा, का, हे त्यात ठरलेले आहे. हिंदमाताच्या गुडघाभर पाण्यातून पोराला खांद्यावर घेऊन निघालेल्या बाईला त्या पोरासाठी ही गोळी लागू शकते. परवाच्या घशासाठी घेतलेल्या पट्टीतली एखादी घरात उरली असेल, म्हणून तिने ती अंदाजाने मोडून पोराला देऊ नये. मुलाचा डोस वेगळा असतो, आणि तो पालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतो.